देवाचे केस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलांच्या कॅन्सरवरचे उपचार, खर्च, देणग्या यांबद्दल पुष्कळ छापून येतं. आजारी मुलाच्या मनात देवाबद्दल काय चाललेलं असतं, त्याबद्दल काहीच नाही. माझी नोकरी मुंबईत अशाच मुलांच्या वॉर्डात झाली, म्हणून लिहिते.

पाच वर्षांचा एक मुलगा होता. कुलदैवत खंडोबा. जेजुरीला जावळ काढायचा नवस, म्हणून केस राखलेले. किमोनंतर उशीवर झुबकेच्या झुबके पडू लागले. आई रडत होती, पोराची काळजी वेगळीच: ‘‘देवाचे केस मी सांडले. देव रागावेल का?’’ आमच्या वॉर्डातल्या मावशींनी ते केस वेचून कागदी पाकिटात घातले, आईकडे दिले नि त्याला म्हणाल्या, ‘‘वस्तऱ्यानं काढले काय, औषधानं काढले काय, केस त्याचेच. पोचवू की जेजुरीला.’’ त्या दुपारी पोरगं जेवलं. पण अशा मावशी प्रत्येक वॉर्डाच्या नशिबी नसतात.

लहान मुलं आजाराला शिक्षा समजतात. त्यात ‘गेल्या जन्मीचे भोग’ असं कॉटशेजारी बसून बोलणारे नातेवाईक! त्यांना मी सरळ बाहेर काढत असे. दुसऱ्या टोकाला, ताईत दिसला की कात्री मागणारे डॉक्टरही पाहिले. सलाईनच्या हातावरचा दोरा काढावा लागतो, काउंट पडलेल्या, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाला तीर्थ, उघडा प्रसाद, ताजी फुलं चालत नाहीत, हे मान्य. पण दोरा कॉटच्या दांडीला बांधता येतो. अंगाऱ्याची पुडी प्लास्टिकमध्ये बंद करून भिंतीला चिकटवता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मुलांची पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींची काळजी, शिवाय कुटुंबाला आधार. तीही निदान झाल्या दिवसापासून, बरं करण्याचे उपचार चालू असतानाच. आपल्याकडे ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ऐकला की आईबाप ‘आता हात टेकले’ असं समजतात. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत आत्म्याच्या या काळजीसाठी पगारी चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना धीर देणारे धर्मसेवक असतात, त्यांत हिंदू आणि मुस्लिमही आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम ज्याला सुचेल तो करतो. त्यात डोक्यावर हात ठेवून ‘काही होणार नाही’ म्हणणारे नि फोटो काढून जाणारे महाराजही आले. त्यांच्यासाठी वॉर्डाचं दार बंदच बरं.

आणि दुखत असताना देवाचं बोलू नये. आधी मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध. ते मिळावं म्हणून 2014 साली अमली पदार्थांचा कायदा सोपा झाला, तरी ते सगळीकडे मिळत नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय.

माझी मागणी छोटी आहे. मुलांच्या प्रत्येक मोठ्या वॉर्डात एक तरी सिस्टर किंवा समाजसेविका या कामासाठी प्रशिक्षण देऊन नेमावी. ती कुठल्या धर्माची, याला महत्त्व नाही. ‘‘मी मरणार का?’’ असं मुलानं विचारल्यावर विषय न बदलता स्टूल ओढून बसणारी हवी. तिला दुपारनंतरची पाळी द्यावी. सकाळी राउंड नि सुयांच्या धांदलीत मुलं असलं काही विचारत नाहीत.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, डोंबिवली