स्टार्व्ड रॉकला जायचं तर

नेपरव्हिल, इलिनॉय

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबांनी फोनवर त्या पार्कबद्दल इतकं विचारलं की म्हटलं सगळं लिहूनच पाठवावं, म्हणजे बॅगा भरायच्या आधी तुमच्या हातात पडेल. स्टार्व्ड रॉक स्टेट पार्क आमच्या घरापासून गाडीने सव्वा तासावर, इलिनॉय नदीच्या दक्षिण काठाला आहे. आय-८० या महामार्गावरून ८१ नंबरच्या एक्झिटला उतरायचं की युटिका गाव, आणि तिथून पाच-सात मिनिटं. तिकीट नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. म्हणूनच शनिवार-रविवारी झुंबड उडते. पार्किंग भरलं की फाटक बंद करून गाड्या परत पाठवतात. आपण मधल्या वारी जाऊ आणि नऊच्या आत पोचू. मेच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी असते, तेव्हाचे तीन-चार दिवस तर नकोच.

पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जाण्यात खरी मजा. इथे १८ घळी आहेत, पण त्यांतले बहुतेक धबधबे पावसावर किंवा वितळत्या बर्फावर चालतात. जुलैत कोरड पडली की ठोसेघर एप्रिलमध्ये दिसतं तशी गत, नुसती थेंबाथेंबाची ओल. मे बरा.

बाबा, दगड मात्र सह्याद्रीतला नव्हे. आपला काळा कातळ पायाखाली घट्ट असतो. हा वालुकाश्म, ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातली वाळू. अंगठ्याने भिंत घासली तर पांढरे, गोलसर कण हातावर येतात. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचा लोंढा आला आणि त्याने ही नदीची दरी खोदली. घळी पुढे ओढ्यांनी कोरल्या. तुम्ही खात्यात असताना सिमेंटच्या चाचणीला एन्नोरची वाळू मागवायचात ना? अमेरिकेत त्या कामाला ऑटवाची वाळू वापरतात, ते ऑटवा गाव पार्कच्या पूर्वेला जवळच आहे. दगड हाच.

धोकाही त्याच वाळूचा. कड्याच्या काठावर सुटे कण पसरलेले असतात, त्यावर बूट सरकतो, आणि काठ वरून धडधाकट दिसला तरी ठिसूळ असतो. फोटोसाठी पायवाट सोडून काठाशी गेलेली माणसंच इथे पडतात. कठड्याच्या आत राहायचं, एवढंच. नदीत उतरायला बंदी आहे. बाजूलाच धरण असल्यामुळे पाण्याला ओढ फार.

आईच्या गुडघ्यांना झेपेल असं आधी सांगते. पूर्वेच्या टोकाला ७१ नंबरच्या रस्त्यालगत एक पार्किंग आहे. तिथून काउन्सिल ओव्हरहँग म्हणजे दगडाचं भलंमोठं छत, जवळपास सपाट वाटेने थोडंसंच चालायचं. ते पाहून गाडीने मुख्य इमारतीकडे यायचं. तिथून फ्रेंच कॅन्यन जेमतेम अर्धा मैल, पण आत शिरताना ओल्या, निसरड्या दगडातल्या खाचांत पाय ठेवून जावं लागतं. आईने बाहेरूनच पाहिलेलं बरं. पार्कला ज्याचं नाव आहे त्या १२५ फुटी स्टार्व्ड रॉक कड्यावर लाकडी जिने आहेत. वरून धरणाचं लॉक, म्हणजे बोटी वरखाली करायची दारं, आणि मालाचे तराफे दिसतात, ते बाबा तासभर बघतील. याच माथ्यावर १६८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रेंचांनी किल्ला बांधला होता. इथे उपासमारीने मेलेल्या इलिनी या मूळ रहिवासी लोकांची गोष्ट सांगतात, ती दंतकथाच समजायची.

झाडांवर रंगाचे ठिपके असतात. पिवळा म्हणजे मुख्य इमारतीपासून लांब चाललोय, पांढरा म्हणजे परतीची वाट. घळीत फोनला रेंज जाते, तेव्हा हे ठिपकेच कामाला येतात. स्वच्छतागृह वाटेवर कुठेच नाही. निघण्याआधी मुख्य इमारतीत जाऊन यायचं.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. दही न्यायचं तर बर्फाचे खडे टाकू नका, वितळून सगळं पाण्यात पोहतं. दोन लिटरच्या दोन बाटल्या गोठवून खाण्याच्या थंड पेटीत ठेवल्या की गारवाही राहतो आणि दुपारी प्यायला पाणीही होतं. बाकी माणशी दोन लिटर वेगळं. सहलीच्या जागी लोखंडी शेगड्या असतात, कोळसा आपला. सहा कणसांना दीड किलो पुरतो. कोळशावर राख धरेपर्यंत थांबायचं, पंचवीस-तीस मिनिटं. आधी ठेवलं तर पेटवायच्या तेलाचा वास कणसाला लागतो. इथलं कणीस गोड आणि पाणीदार, साखरेमुळे पटकन काळं पडतं, म्हणून सारखं फिरवायचं.

गोचिडीचं मात्र मनावर घ्या. उंच गवताला अंग घासलं की चिकटते, आणि तिच्यापासून लाइम नावाचा ताप येऊ शकतो. फिक्या रंगाची पूर्ण पँट, ती मोज्यात खोचायची. घरी आल्यावर काख, गुडघ्यामागे, केसांत बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. आई, तेल किंवा चटका अजिबात नाही, त्याने ती आणखी लाळ सोडते. तीन-तीन पानांच्या वेलीलाही हात लावायचा नाही, त्याने अंगावर फोड येतात.

बाबांना रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूट साताऱ्यातच घ्या आणि आठवडाभर घालून फिरा, नवे बूट इथे येऊन चावतात. काठी इथे मिळेल.

तुमची,
धाकटी