चव नाही तर काही नाही

संपादक साहेब, मांसाऐवजी खायच्या वनस्पतीजन्य पदार्थांवर हल्ली बरंच छापून येतं, वाचून बरं वाटतं, पण एक गोष्ट कुणी नीट बोलतच नाही. लोक एकदा ट्राय करतात, फोटो टाकतात आणि परत त्या पाकिटाला हात लावत नाहीत. का? चव! आणि मग किंमत. पर्यावरण तिसऱ्या नंबरवर येतं, खोटं कशाला बोला.

2018 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात बीफ आणि वाटाण्याच्या कार्बन उत्सर्जनातला फरक कितीतरी पटींचा निघाला, पण जेवायला बसलेला माणूस असले आकडे डोक्यात घेऊन थोडाच बसतो.

उलट केंब्रिज विद्यापीठाच्या कँटीनमध्ये काय केलं बघा, मांसाशिवायचे पर्याय चारात एक होते ते चारात दोन केले, ना भाषण ना पोस्टर, आणि त्यांची विक्री 40 ते 80 टक्क्यांच्या आसपास वाढली (2019 चा अभ्यास आहे). म्हणजे लोकांचा विरोध नाहीये, समोर चांगलं काही ठेवलेलंच नसतं.

कंपन्या मात्र हुबेहूब मांसासारखं बनवायच्या मागे लागल्यात, मग पाकिटामागची घटकांची यादी एवढी लांब होते की वाचूनच माणूस बिचकतो आणि त्यात मीठही बऱ्यापैकी असतं. डाळी, सोया, मशरूमला त्यांच्याच चवीने का नाही विकत? आणि पुढच्या बाजूला 'व्हीगन' (म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही) एवढ्या मोठ्या अक्षरात छापायची काय गरज, आधी 'खमंग', 'कुरकुरीत' असं काहीतरी लिहा की राव.

- एक वाचक