मॅडम, त्या पेन्सिलीच्या रेघांसाठी

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र प्रबंध जमा केला त्याच दिवशी लिहायला हवं होतं. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमचा उल्लेख आहे, पण तिथे एका ओळीत मावलं तेवढंच आलं. उरलेलं आज लिहिते आहे. उघड पत्र लिहिते आहे, कारण पीएचडी करणाऱ्या इतरांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

तुमच्या वर्गाला मी नाइलाजाने आले होते. तिसरं वर्ष सुरू होतं, प्रयोग अडले होते आणि विभागाने आठ शनिवार 'संवाद आणि नेतृत्व' या वर्गाला बसायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही माझी जोडी इतिहासात संशोधन करणाऱ्या एका मुलाशी लावलीत. "याला तुझं काम सांग," एवढंच म्हणालात. त्याच्या हातात पेन्सिल दिलीत आणि जिथे कळायचं थांबेल तिथे कागदावर एक रेघ ओढायला सांगितलंत. मी चार मिनिटं बोलले. कागदावर सतरा रेघा होत्या. पहिली माझ्या पहिल्याच वाक्यातल्या 'बायोफिल्म' (म्हणजे जिवाणूंचा चिकट थर) या शब्दाला.

रेघांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. तो मुलगा पूर्ण वेळ मान डोलावत होता. मी त्या मानेवर विश्वास ठेवून पुढे पुढे जात राहिले होते. आधीच्या तीन वर्षांतल्या सेमिनारमध्ये डोलणाऱ्या किती माना अशाच असतील, हा विचार त्या रात्री डोक्यातून गेला नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही विचारलंत, "हा थर तुला लॅबच्या बाहेर कुठे भेटतो?" मी बराच वेळ गप्प होते. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, वाट पाहिलीत. (तुमचं ते वाट पाहणं मी नंतर मुद्दाम शिकले.) शेवटी मला सुचलं: दातांवर! सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, ती जिवाणूंची वस्तीच की. तशी वस्ती रुग्णाला लावलेल्या कॅथेटरच्या नळीत झाली, तर तिथले जिवाणू एरवी लागू पडणाऱ्या औषधालाही दाद देत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेल्या, आपलं संशोधन थोडक्यात सांगण्याच्या स्पर्धेचे नियम तुम्ही आम्हाला लावलेत: तीन मिनिटं, हलतं काही नसलेली एकच स्लाइड, वेळ संपली की बाद. ती तीन मिनिटं मी नऊ वेळा लिहिली. आठव्या खर्ड्यात एक वाक्य आलं, "ही वस्ती पहिल्या काही तासांत कशी बसते, ते मी शोधते आहे." लिहिलं आणि हात थांबला. कारण माझे सगळे नमुने चोवीस तासांनी घेतलेले होते. मी बसलेली वस्ती बघत होते, बसताना नव्हे. शेकडो आलेख काढूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते एका साध्या वाक्यामुळे आलं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या वाक्यातून जन्मलं, मॅडम. म्हणून 'सॉफ्ट स्किल्स म्हणजे वरची सजावट' असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही.

नासाच्या कोलंबिया यानाची स्लाइड तुम्ही दाखवलीत तो तास मी विसरणार नाही. २००३ साली उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरून निसटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज मांडला, पण तो तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा ६४० पट मोठा असल्याचं स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत गेलं. पंखाचे फोटो घेण्याची अभियंत्यांची मागणीही पुढे सरकली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सात अंतराळवीर गेले. तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत: सर्वांत महत्त्वाची ओळ कुठे आहे? आणि शंका असलेल्या माणसाला बोलायला जागा कुणी द्यायची होती? त्या दिवसापर्यंत नेतृत्व म्हणजे पद, असंच मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी लॅबमधल्या ज्युनिअर मुलीकडून रात्री फ्रीजरचं दार नीट लागलं नाही. दोन महिन्यांचे नमुने वितळले. सकाळी ती दाराशी उभी होती, हातात नमुन्यांचा ओला डबा, लेबलवरची शाई पसरलेली. माझ्या तोंडावर 'कुणी केलं?' आलं होतं. तुमचं ऐकून 'काय झालं, क्रमाने सांग' असं विचारलं आणि थांबले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली की दाराचं रबर महिनाभरापासून सैल होतं, तिला ते माहीत होतं, पण सांगायचं कुणाला हे माहीत नव्हतं. तेव्हापासून आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये सर्वांत नवीन माणूस आधी बोलतो आणि मी शेवटी. गाइडनीही ते मान्य केलं, याचा मला फार आनंद आहे.

हे सगळं तुम्ही शनिवारी शिकवत होतात, आणि त्याचं श्रेय कुठल्याही शोधनिबंधावर लागत नाही. तुमचं नाव नसलेल्या किती प्रबंधांत तुमचं काम असेल! माझ्या प्रबंधात ते कुठे कुठे आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. मनापासून आभार.

सोबत एक कागद पाठवते आहे. या सोमवारी मी त्याच ज्युनिअर मुलीच्या हातात पेन्सिल दिली आणि माझा नवा प्रस्ताव तिला सांगितला. अकरा रेघा आहेत. सहाव्या रेघेशी तिने बारीक अक्षरात एक प्रश्न लिहिलाय, तो जरूर वाचा. आम्ही दोघी आता त्याच्यावरच काम करतोय.

तुमची विद्यार्थिनी