मॅडम, माउस माझ्याकडे सरकवलात त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

जाहीरपणे नाव घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. आभार मात्र मला चारचौघांतच मानायचे आहेत.

एचएफक्यू हे जिवाणूंमधलं प्रथिन मला आधी ज्यांनी शिकवलं, त्यांनी ते एका वाक्यात उरकलं होतं. सहा सारख्या साखळ्यांचं कडं, छोट्या आरएनएची एमआरएनएशी, म्हणजे प्रथिनाची कृती वाहणाऱ्या आरएनएशी, गाठ घालून देतं, पाठ करा. आरएनए कड्यावर नेमका कुठे बसतो, असं विचारलं की 'परीक्षेला येत नाही'. अशानं पोरं विचारायचंच सोडून देतात, हे त्यांच्या गावीही नसतं.

तुम्ही पोस्टर गुंडाळत होतात. माझा प्रश्न ऐकून ते बाजूला ठेवलंत, लॅपटॉपवर रचना उघडलीत आणि माउस माझ्याकडे सरकवून म्हणालात, "तूच फिरव." मग गप्प बसलात. मी चाचपडत होते, तरी माउस परत घेतला नाहीत. बाहेर तुमची माणसं खोळंबली होती, हे मला नंतर कळलं.

कडं फिरवता फिरवता दोन बाजू वेगळ्या दिसायला लागल्या. एकीकडे मधल्या भोकाभोवती यू (आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक) बसण्याजोग्या सहा खोबणी. छोट्या आरएनएचं यू-यू-यू असं शेपूट तिथे अडकतं. उलट्या बाजूला एमआरएनएवरचे, ए हे अक्षर जास्त असलेले तुकडे धरले जातात. म्हणून तर दोघांना एकाच वेळी धरता येतं! मग तुम्ही आपल्या पेशींमधलं एसएम प्रथिनांचं कडं शेजारी मांडलंत. तिथे साखळ्या सात, आणि सातही वेगवेगळ्या. अमिनो आम्लांच्या क्रमात नातं जेमतेम दिसतं, पण साखळी सुटी केली की घडण तीच: सुरुवातीला छोटं हेलिक्स (मळसूत्री वळण), पुढे वाकलेल्या पाच बीटा पट्ट्या. जिवाणूंना ग्रासणाऱ्या क्यूबीटा विषाणूच्या आरएनएची नक्कल व्हायला लागणारा घटक म्हणून १९६८ मध्ये सापडलेल्या या एचएफक्यूचं हे गोत्र २००२ मध्ये उलगडलं, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला.

मोठ्या माणसांना वेळ नसतो, हे ऐकतच मी वाढले. वेळ तुम्हालाही नव्हता, तरी दिलात. असा चांगुलपणा कुठल्याच सीव्हीत लिहिलेला नसतो, आणि शिकणाऱ्याचं सगळं त्यावरच अडलेलं असतं.

सध्या सीएसआरए हे जिवाणूंमधलंच दुसरं प्रथिन घेऊन बसले आहे. ई. कोलायमध्ये जेमतेम ६१ अमिनो आम्लांची साखळी, तिची जोडी, आणि आरएनएवर जीजीए ही अक्षरं हुडकणारी. आरएनए कुठे बसत असेल, ते या वेळी स्वतःच फिरवून पाहिलं. जोडीच्या दोन विरुद्ध अंगांना एकेक जागा सापडली.

तुमची,
एक विद्यार्थिनी