वरच्या काकूंकडे किल्ली दिली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं जमत नाही. आई, तू "बरं बरं, ठेवते आता" म्हणून मोकळी होतेस आणि बाबा नुसतं "हं" म्हणतात. म्हणून लिहितेय, आणि जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. आपल्या घराची तिसरी किल्ली मी वरच्या काकूंना दिली आहे. देऊ का, असं विचारत नाहीये. मागच्या वेळी निघताना वर जाऊन त्यांच्या हातात ठेवली आणि मग बॅग घेऊन उतरले. दादाशी आधी बोलले होते, त्याचाही होकार आहे.

आई, तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय. "अख्ख्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं का?" अगं, सगळ्यांचा विचार केला. समोरची दोघं सकाळी कुलूप लावून जातात ती रात्रीच येतात. तळमजल्यावरच्या आजोबांना जिना चढवत नाही. खालचा मुलगा गुणी आहे, पण तो परीक्षा झाली की बाहेरगावी जाणार. काकू दिवसभर घरी असतात, त्यांची झोप सावध आहे आणि त्यांना कुठंही जायचं तरी आपल्या दारावरूनच जावं लागतं. मुख्य म्हणजे त्यांचं लक्ष असतं. हेच तुला आवडत नाही हे मला माहीत आहे. "सगळ्यांच्या दारात डोकावते" असं तू म्हणतेस. पण बाबा पडले त्या दिवशी त्यांनी डोकावलं म्हणून आपण वाचलो.

बाबा, तुम्ही ती गोष्ट "जरा पाय घसरला" एवढ्यावर मिटवता. आईला तुम्ही अर्धंच सांगितलंय, म्हणून आता पूर्ण लिहिते. रागावू नका. आई मावशीकडे गेली होती. तुम्ही न्हाणीघरातून बाहेर येताना उंबऱ्याशी पडलात. काकू सकाळी खाली उतरल्या तेव्हा पेपर दारात होता, आणि दोन तासांनी वर येतानाही तो तसाच होता. घडी न मोडलेला. तुम्ही पेपर असा ठेवणारे नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बेल वाजवली, दार ठोठावलं, कान लावून ऐकलं. आतून कडी होती. मग खालच्या मुलाला हाक मारली आणि तो गॅलरीतून चढून आत शिरला. काकूंनी त्याला तुम्हाला लगेच उचलू दिलं नाही. आधी कुठं दुखतंय, डोकं आपटलं का, पाय हलतो का, हे एकेक विचारलं, अंगावर चादर घातली आणि मग रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यात दादा पोचेपर्यंत त्या बाकावर बसून होत्या. नंतर इमारतीत कुणाजवळ याची वाच्यता केली नाही. मलाही हे त्या मुलाकडून कळलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. या वयात पडण्याइतकंच पडून राहणं वाईट. तासाभराच्या वर माणूस फरशीवर तसाच राहिला की अंगातलं पाणी कमी होतं, शरीर गार पडत जातं, ज्या बाजूवर भार आहे तिथले स्नायू दबून खराब होतात आणि त्याचा त्रास मूत्रपिंडांना होऊ शकतो. हाड मोडलेलं नसलं तरीही. तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. आत कुणीतरी चटकन येऊ शकेल एवढं एकच मला इतक्या लांबून करता येतं. तुम्हाला इकडे आणायचं नाही हे आपलं ठरलंय आणि मी तो विषय पुन्हा काढणार नाही. तुमची खिडकी, तुमची खुर्ची, संध्याकाळचे कट्ट्यावरचे दोस्त हे सगळं मला इथं देता येणार नाही. नोकरी सोडून मी तिकडे यावं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, आणि म्हणत नाही म्हणूनच जास्त टोचतं. म्हणून ही किल्ली.

आता आई, तुझं गाऱ्हाणं. तू चुकीची आहेस असं मी मुळीच म्हणत नाहीये. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर वरून मातीचं पाणी गळलं तर कुणाचाही संताप होईल. मी काकूंशी हे स्पष्ट बोलले. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचतं ते डासांच्या दृष्टीनंही वाईट, हेही सांगितलं. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडता डास तयार होतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी काठाला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. कडा घासाव्या लागतात. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आता त्या झाडांना पाणी तू दोरीवरचे कपडे काढून नेल्यावर, संध्याकाळी घालणार आहेत आणि दर रविवारी ताटल्या घासणार आहेत. तू वर बघून मोजत बसू नकोस. कधी विसरल्या तर मला सांग, मी बोलेन.

त्यांचंही एक गाऱ्हाणं होतं, आणि ते ऐकून मला वाईट वाटलं. "तुझे बाबा जिन्यात माझ्याकडे बघतही नाहीत, हाक मारली तरी पुढे जातात." गच्चीवरच्या त्या मीटिंगनंतर बाबांनी अबोला धरलाय असं त्या इतकी वर्षं समजून चालल्या होत्या! बाबा, तुम्हाला ऐकूच येत नाही हो. वय झालं की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात आणि जाड आवाज मागे राहतात. म्हणून दादाचं बोलणं कळतं आणि काकूंचं कळत नाही. माणूस बोलतोय हे समजतं, पण स, श, फ अशी अक्षरं निसटतात आणि वाक्याचा अर्थ लागत नाही. आपली बेलही तसल्याच किणकिण्या आवाजाची आहे. ती बदलून खालच्या सुराची, जाड आवाजाची लावायला दादाला सांगितलंय. काकूंना मी सगळं समजावलं. त्या एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "अगं, मला काय माहीत!" आता त्या समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलतील. कानाच्या डॉक्टरांकडे मात्र तुम्हाला जायचंच आहे. दादाबरोबर जा. यंत्र लागलं तर लागलं. चष्मा नाही का वापरत?

आणि आई, "तुमच्याकडे गॅसचा वास येतोय" असं काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, तो तुला टोमणा वाटला होता. शेगडी स्वच्छ ठेवत नाही असं सुचवतायत, असं तू म्हणालीस. तो टोमणा नव्हता. बाबांना खरोखर वास आला नाही आणि तुला सर्दी होती. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, पण नाकही वयाबरोबर मंद होतं. म्हणून तुमच्या नाकावर विसंबून मला झोप येणार नाही. कधी वास आला किंवा दुसऱ्या कुणी सांगितला तर दिव्याचं बटण लावायचं नाही, बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. काडी पेटवायची नाही, पंखा नाही, घरात उभं राहून फोनही नाही. रेग्युलेटर बंद कर, दारं-खिडक्या सताड उघड आणि जिन्यात येऊन उभी राहा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून वास गेल्यासारखा वाटला तरी लगेच आत जायचं नाही. काकूंनाही हेच सांगितलंय.

गॅसचा विषय निघालाच आहे तर न्हाणीघर धुण्याबद्दलही बोलते. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकायची नाही. "दोन्ही घातलं की लखलखतं" असं तुझं म्हणणं, पण दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत भरतो. तुला मागे खोकल्याची उबळ आली होती ती त्यानंच आली असणार. एका दिवशी एकच, तेही खिडकी उघडी ठेवून.

तुम्हाला कुणी असं हुकूम सोडलेलं आवडत नाही, मला कळतं. पण मला हुकूम सोडायला तूच शिकवलंस ना? शाळेत असताना घराची किल्ली तू माझ्या फ्रॉकच्या खिशात आतल्या बाजूनं सेफ्टी पिनेनं अडकवून द्यायचीस. रोज तेच. कुणी दार वाजवलं तर आधी आवाज ओळखायचा, शेगडीला हात लावायचा नाही, भीती वाटली तर खालच्या आजींकडे जायचं. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांच्याशी तुझं तरी कुठं फार जमायचं? दादाच्या सायकलवरून केवढं झालं होतं! तरी किल्ली तिथेच राहिली. पिन लावताना तुझा हात माझ्या पोटाला लागायचा, गार असायचा, आणि मी हसून मागे सरले की तू "नीट उभी राहा" म्हणून ओरडायचीस. बाबा, तुम्ही संध्याकाळी आलात की आधी खिशावर हात ठेवून किल्ली आहे ना ते चाचपायचात. आज तुमच्या दोघांच्या खिशाला पिन लावायला मी तिथं नाही, याचं मला फार वाटतं.

आता जे पाळायचंच आहे ते. दाराला आतून कडी लावायची नाही. कडी असली तर बाहेरच्या किल्लीचा काही उपयोग नाही, त्या दिवशी तेच झालं. नवं लॅच मजबूत आहे, दोन फेरे देऊन लावलं की पुरे. साखळीही नको. न्हाणीघराचं दार नुसतं लोटून घ्या. ते आत उघडतं, म्हणजे आतला माणूस दाराशी पडला तर बाहेरच्याला ढकलताही येणार नाही. दादा सुताराला बोलावून ते बाहेर उघडेल असं करून घेणार आहे आणि भिंतीला धरायला दांडा बसवणार आहे. बाबा, टॉवेलच्या दांड्याला धरून उठू नका, तो तुमचा भार पेलणार नाही.

पहाटे उठताना अंथरुणावर थोडं बसा, पाय हलवा, मग उभे राहा. उभं राहिल्यावर पहिल्या तीन मिनिटांत वरचं प्रेशर 20 नं किंवा त्याहून जास्त खाली आलं तर डॉक्टर त्याकडे लक्ष देतात. चक्कर आल्यासारखी वाटते ती त्यामुळे असू शकते. प्रेशरच्या गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करायच्या नाहीत, विचारून मगच. आणि तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेता, हे विसरू नका. डोक्याला मार लागला आणि वरून काही दिसलं नाही, बरं वाटतंय असं वाटलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. "दुखत नाही" हे उत्तर चालणार नाही. गोळ्यांची यादी मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दाराला लावली आहे. एक प्रत काकूंकडे आहे.

काकू कधीही येऊन उभ्या राहतील अशी भीती बाळगू नका. आधी बेल, मग फोन, आणि दोन्हींना उत्तर नाही तरच किल्ली, असं आमचं ठरलंय. दुपारची तुमची झोप, बाबांच्या रेडिओच्या बातम्या, आई, तुझा पोथीचा वेळ, कशात बदल होणार नाही. सकाळी पेपर उचलला की दाराबाहेरचा दिवा बंद करायचा, एवढीच खूण. दिवा बंद दिसला की त्या पुढे जातील. नऊ वाजून गेले तरी चालू असला तर बेल वाजवतील. बाहेरगावी जाणार असाल तर त्यांना आदल्या दिवशी सांगा, उगाच बिचाऱ्या घाबरतील.

आई, तू त्यांच्याशी मैत्री कर असं मी म्हणत नाही. तुला जेवढं जमेल तेवढंच. पण त्या दिवसाबद्दल तू स्वतः त्यांना एकदा काहीतरी बोलावंस असं मला मनापासून वाटतं. मी आभार मानले, दादानं मानले, पण त्या विचारत होत्या, "तुझी आई काय म्हणते?" मी म्हटलं, तिला अजून पूर्ण माहीत नाही. आता माहीत झालं. त्या खालच्या मुलालाही बोलावून घे. त्याच्या कोपराला खरचटलं होतं, त्यानं कुणाला दाखवलंही नाही.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता काकू किल्ली नीट लागते का ते बघायला येणार आहेत. त्या वेळी घाईनं जाऊन दार उघडू नका. आतून दोन फेरे देऊन बसा आणि त्यांना बाहेरून उघडू द्या. कुलूप अडकलं तर दादाला लगेच फोन करा, तो त्याच दिवशी माणूस पाठवेल. आणि काकू आत आल्या की बाबा, खुर्ची तुम्ही पुढे करा.

तुमची,
धाकटी