किल्ल्याच्या मातीचे दिवस

पुणे,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. घरात सगळ्यांनी वाचलं, आईने तर दोनदा. लेक शाळेत जायला लागली आणि दुपारी घर गप्प गप्प वाटतं, असं लिहिलंयस. आमच्या पोरांच्या लहानपणातले कुठले दिवस पुन्हा मिळावेत असं वाटतं, हेही विचारलंयस. रात्री जेवताना मी हाच विषय काढला, तर ताटं वाळली तरी कुणी उठेना. प्रत्येकाचे दिवस वेगळे निघाले. माझे तुला कळवतो.

सगळ्यात आधी दिवाळीतल्या किल्ल्याचे. त्यातही राजगड केला ते वर्ष. थोरली तेव्हा पाचवीत होती, धाकटा पहिलीत. सहामाही संपली त्याच संध्याकाळी तिने वहीच्या मधल्या जोडपानावर आराखडा काढला. मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. एकही माची कमी करायची नाही, अशी ताकीद होती. सोसायटीच्या मागच्या बाजूला आंब्याखाली जागा मिळाली. वॉचमनकाकांनी गच्चीवरच्या उरलेल्या विटा काढून दिल्या. मी आणि ही, दोघं माती चाळत होतो, आणि थोरली चिखलात बुडवलेलं गोणपाट दगडांवर असं बसवत होती की कडा खराच वाटावा. आईने खुर्ची टाकून देखरेखीचं काम घेतलं.

धाकट्याकडे पेरणी होती. मोहरी उतारावरून घरंगळते. अळीव मात्र भिजलं की बुळबुळीत होतं आणि उभ्या कड्यालाही धरून राहतं. हे त्याला आजीने सांगितलं आणि मग त्याने ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, पोस्टमनलासुद्धा. तीन-चार दिवसांत संजीवनी माचीवर हिरवळ आली, तेव्हा तो दात घासायच्या आधी खाली पळाला होता. लहान मुलाच्या हाताला यश यावं तर असं, सगळ्या बिल्डिंगला दिसणारं.

मावळे आणायला कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात गेलो. थोरलीने भालदार, तोफा, सिंहासनावरचे महाराज अशी रीतसर खरेदी केली. धाकट्याने एक गवळण आणि एक वाघ उचलला. गवळण कशाला, असं ताईने विचारलं, तर म्हणाला, "मग महाराजांना दूध कोण देणार?" यावर कुणालाच उत्तर सुचेना. ती गवळण पद्मावती माचीवर बसली, तळ्याच्या शेजारी. अजून दर वर्षी ती डब्यातून सगळ्यात आधी बाहेर येते.

धनत्रयोदशीच्या रात्री पाऊस आला, गडगडाटासह. आम्ही सगळे जिन्यावरून धावत खाली. मी ताडपत्रीचं एक टोक धरलं, दुसरं टोक हिने, चकलीचं पीठ लागलेल्या हातांनी. तिसऱ्या टोकाला दुसऱ्या मजल्यावरचे गंभीर दिसणारे आजोबा, ज्यांच्याशी तोवर आमचं बोलणंही नव्हतं. थोरली बालेकिल्ल्यावर छत्री धरून उभी, धाकटा मावळे गोळा करून सदऱ्यात भरतोय. सुवेळा माची गेलीच. सकाळी अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, आणि नवे कपडे घडीतच ठेवून दोघं जुन्या चड्ड्यांवर पुन्हा चिखलात उतरली. आजोबा स्वतःहून खुरपं घेऊन आले. नवे कपडे त्या वर्षी संध्याकाळी चढले अंगावर. बंड्या, मला एकच सकाळ परत मिळणार असेल तर मी ही मागेन.

आता फिरायला नेलेले दिवस. तेही गोडच. पेशवे पार्कातल्या फुलराणीत आम्ही बसलो. ती गाडी 1956 पासूनची, म्हणजे बाबा मला घेऊन बसले होते तीच. सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने चढलो, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी मी 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र रंगवून सांगत होतो, घोरपडीच्या गोष्टीसकट. धाकट्याचं लक्ष लढाईत नव्हतंच. घोरपडीला नंतर कुणी काही खायला दिलं का, हे त्याला हवं होतं. ताईने गंभीरपणे सांगितलं, "दिलं. भाकरी." मग तो पुढचं ऐकायला तयार झाला.

पण मनात घर करून राहिलेत ते कामाचे दिवस. फिरायला गेलं की आपण दाखवणार आणि मुलं बघणार. काम असलं की सगळ्यांचे हात एकाच परातीत. थंडीत मटार स्वस्त झाला की बाल्कनीत चादर अंथरून सोलायला बसायचं, ते दिवसही मी याच ओळीत धरतो. सोललेल्यातले निम्मे धाकट्याच्या पोटात जायचे, तरी करंज्या पुरायच्या.

आणि पालख्या. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. आईचा नेम असा की त्या आधीच्या रात्री राजगिऱ्याचे लाडू घरातच वळायचे. गुळाचा पाक पुढे जाऊ नये म्हणून सगळ्यांनी भराभर हात चालवायचे, तळव्याला चटके बसले तरी. एका वर्षी थोरली, जेमतेम सात वर्षांची, नाना पेठेत लाडू वाटत होती. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने लाडू कपाळाला लावला आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. "माउली" म्हणाला आणि पुढे गेला. ती तशीच उभी. मग मागे वळून आजीला म्हणाली, "आता मी काय करू?" आजी म्हणाली, "तूही वाक." त्यानंतर लाडू संपेपर्यंत ती प्रत्येकाला देताना वाकत होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आत्ता लिहितानाही येतंय.

म्हणून तुला मनापासून सांगतो, लेकीला खरं काम दे. खोटंखोटं, "मदत कर हं" म्हणून दिलेलं नको. ती चुकली तर सगळ्यांना जाणवेल असं दे. त्या वयाच्या मुलांना हा फरक लगेच कळतो.

यंदाचा बेत असा आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले ना, त्यातले अकरा सोडून बारावा, तमिळनाडूतला जिंजी करायचा, असं धाकट्याने ठरवलंय. तो आता आठवीत आहे. राजाराम महाराजांनी तिथून काही वर्षं राज्य राखलं, पण पुण्यात जिंजी कुणी करत नाही, असं त्याचं म्हणणं. किल्ला तीन टेकड्यांवर आहे, म्हणजे माती बरीच लागणार. थोरली बारावीत, तरी नकाशा तीच काढणार. क्लासच्या वेळा सांभाळून, असं हिने बजावलंय.

तुम्ही तिघं वसुबारसेच्या आत या. अळीव पेरायचं काम धाकट्याने स्वतःहून तुझ्या लेकीसाठी सोडलंय आणि त्याच्याकडून ही फार मोठी गोष्ट आहे. तिचे जुने कपडे आठवणीने आण, दोन जोड. वहिनींना सांग, करंज्यांचं सारण आई करून ठेवतेय. नागपूरहून दिवाळीतली तिकिटं मिळत नाहीत, तेव्हा हे वाचून झालं की लगेच काढ.

तुझाच,
बाळ्या