फेडरेशन कपच्या वहीबद्दल आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या कात्रणांच्या वहीमुळे फुटबॉलच्या फेडरेशन कपच्या विजेत्यांची यादी अखेर जुळली. १९७७ साली एर्नाकुलमला आयटीआयने (बेंगळुरूच्या टेलिफोन कारखान्याचा संघ) कोलकात्याच्या मोहन बागानला १-० हरवलं तिथपासून, २०१७ साली कटकला बेंगळुरू एफसीने त्याच मोहन बागानवर जादा वेळेत २-० मात केली तिथपर्यंत. पुढच्या वर्षी सुपर कप आला आणि फेडरेशन कप संपला.

आमची यादी कशात अडली होती हे तुम्हाला कळायला हवं. मोहन बागानची १४ विजेतेपदं वर्षांशी जुळेनात. १९७८ आणि १९८० ला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघांनाही विभागून विजेते ठरवलं होतं. ती दोन्ही वर्षं दोघांच्या खात्यात धरली, की मोहन बागानची १४ आणि ईस्ट बंगालची ८ बरोबर येतात. एकालाच दिली की बेरीज चुकते.

दुसरा घोळ हंगामाचा. २००९-१० ची अंतिम लढत जानेवारी २०१० मध्ये गुवाहाटीला झाली, ईस्ट बंगालने शिलाँग लाजाँग संघाला पेनल्टीवर हरवलं. त्याच वर्षी पुढचीही स्पर्धा झाली आणि तीही ईस्ट बंगालनेच जिंकली, कटकला, मोहन बागानवर १-०. नुसतं '२०१०' लिहिलं की एक कप गायब होतो. म्हणून आता हंगाम, अंतिम सामन्याची तारीख आणि गाव असे तीन वेगळे रकाने आखलेत. आणि नॉकआउट (हरला तो बाद) म्हटलं तरी बहुतेक वर्षी आधी गटसाखळी असायची, त्यामुळे बरोबरीचा निकाल दिसला म्हणून तो खोडायचा नाही.

सगळ्यात मोलाचं ठरलं ते १४ जुलै १९९७ चं कात्रण. तुम्ही सेलोटेप न लावता फक्त चार कोपऱ्यांना खळ लावली, म्हणून कागदावर टेपचे तपकिरी डाग पडले नाहीत आणि मागची बाजूही उचलून वाचता आली. छापल्याची तारीख आणि सामन्याची तारीख वेगळी, हे तुम्ही पेन्सिलीने कडेला लिहून ठेवलंय: सामना १३ तारखेचा. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक, बायचुंग भूतियाचे तीन गोल, ईस्ट बंगालची मोहन बागानवर ४-१ मात. आजही कित्येक जण याला 'फायनल' म्हणतात. ती उपांत्य फेरी होती. फायनल ईस्ट बंगालने गोव्याच्या साळगावकर संघाकडून २-१ गमावली.

गिरण्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांची पानं मात्र आम्ही सोलापूरकरांनी जरा जास्तच वेळ पाहिली. मुंबईची मफतलाल १९७९ ला बीएसएफकडून आणि १९८२ ला मोहन बागानकडून अंतिम सामना हरली. पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीच्या संघाने कप जिंकूनही दाखवला. महिंद्र कंपनीच्या महिंद्र युनायटेडने २००३ आणि २००५ ला जिंकला, २०१० ला संघच बंद झाला. जेसीटी पुढच्या वर्षी. यादीत अशा संघांपुढे बंद झाल्याचं सालही टाकलंय, नाहीतर नवी पोरं त्यांना शोधत बसतात.

वहीचे फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढले. सुटलेले दोन कोपरे आम्ही चिकटवले नाहीत, तसेच ठेवलेत. खळ तुमच्याच हातची लागू दे. येत्या रविवारी वही घरी आणून देतो.

आपले नम्र,
फुटबॉलच्या नोंदी ठेवणारे आम्ही सगळे, सोलापूर